घासातले पिवळे दोरे

सावेडीत आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक बंगला आहे. त्याला मेंदीचं कुंपण आहे, कमरेएवढं, माळ्याकडून वेळच्या वेळी कापून घेतलेलं. परवा सकाळी फिरायला निघाले, तर त्या कुंपणाच्या कोपऱ्यावर काहीतरी पिवळं दिसलं. कुणी शेवया वाळत घालून विसरून गेलंय असं वाटावं, इतकं साधं. मी जवळ गेले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. सरळ बंगल्याची घंटा वाजवली.

बंगल्यातल्या बाई चहाचा कप घेऊनच बाहेर आल्या.

"अहो, तुमच्या कुंपणावर अमरवेल आलीय," मी म्हटलं. "तेवढा भाग आजच्या आज कापा आणि जाळून टाका."

"अमरवेल! नाव किती छान आहे हो," त्या म्हणाल्या. "आणि रंग बघा ना. मी कालच फोटो काढलाय. राहू दे की चार दिवस."

"चार दिवस राहू दिलीत तर मग तीच राहील. कुंपण राहणार नाही."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. निवृत्त मास्तरीण आहे, सकाळी सकाळी कुणाला तरी शिकवायला निघालीय, असा तो भाव. बरं बरं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. मी फाटकाशी तशीच उभी. हल्ली माझं असंच होतं. पिवळा दोरा दिसला की माझी जीभ ऐकत नाही. ओळखीचा असो, अनोळखी असो, मी सांगत सुटते. आणि ज्या हिवाळ्यात ती जीभ सुटायला हवी होती, त्या हिवाळ्यात मात्र मी तोंडाला कुलूप लावून बसले होते.

त्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि एका दुपारी नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले. आता काय करायचं हा प्रश्न पडायच्या आतच अक्काचे गुडघे गेले. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. सोनईपासून थोडं आत, कालव्याच्या कडेला आमची वस्ती आहे. तिथलं रान, विहीर आणि गोठा ती एकटी सांभाळते. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा चाकणला कंपनीत. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन नगरला झालं, आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत अक्कानं आमच्या फ्लॅटवर राहायचं ठरलं. मग वस्तीवरच्या गाई कोण बघणार? मी म्हटलं, मी जाते.

"तुला जमंल का गं, शालन?" पलंगावर पडल्या पडल्या अक्का म्हणाली. "शेन काढाया लागतं पहाटंचं."

"गाईच्या पोटाचे चारही कप्पे फळ्यावर काढून शिकवलेत मी."

"फळ्यावरली गाय लाथ मारत न्हाई," अक्का म्हणाली, आणि आमचे हे आतल्या खोलीत खो खो हसले.

गेले मी. आणि खरं सांगते, पहिले पंधरा दिवस मी त्या रानावर जीव टाकून प्रेम केलं. कालव्यावर सकाळी धुकं असायचं. लांबून साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास यायचा, आधी नाक मुरडायला लावणारा आणि मग सवयीचा होणारा. उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत रस्त्यानं जायचे. दवानं भिजलेल्या बांधावरून चालताना साडीचा काठ जड व्हायचा. मी हातात काठी घेऊन, डोक्याला मफलर बांधून, रानभर हिंडायचे आणि प्रत्येक झाडाला मनातल्या मनात हजेरीसाठी उभं करायचे.

बाजरीच्या काढलेल्या ओळींमध्ये तूर एकटी उरली होती. चार महिने बाजरीच्या सावलीत ती दबून होती. बाजरी गेली तशी ऐसपैस पसरली होती, पिवळ्या फुलांनी भरली होती. ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी होत्या. करडईला काटे असतात, म्हणून मोकाट जनावर आत शिरत नाही. ज्वारी निवांत वाढते. मला हे फार आवडायचं. वर्गात मी पोरांना सांगायचे, बघा, झाडंसुद्धा एकमेकांना सांभाळून घेतात. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात आणि पुढच्या पिकाचं पोट भरतात. इतकंच नाही, एखाद्या रोपावर अळी पडली तर ते हवेत वास सोडतं, आणि शेजारच्या रोपांना कुणकुण लागते. ती आपल्या पानांत कडवटपणा आणतात. पोरांचे डोळे मोठे व्हायचे. म्हणजे झाडं बोलतात, बाई? बोलतात तर, मी म्हणायचे.

अर्धंच सांगायचे मी. कालव्याच्या कडेनं नीलगिरी लावली होती, तिच्या खाली गवताचं पातं नव्हतं, नुसता सुक्या पानांचा थर. ओढ्याच्या दोन्ही काठांवर वेडी बाभूळ माजली होती, आणि जिथं ती होती तिथं पूर्वीच्या बोरी, करवंदी, तरवड काही म्हणता काही उरलं नव्हतं. ती माणसांनी आणली, जनावरांनी शेंगा खाऊन शेणातून पसरवली. आता ओढाच तिचा झाला होता. पाणी तिच्या मुळाशी, सावली तिची, खालच्या मातीवर तिच्याच पानांचा कचरा. तिच्या खाली उभं राहिलं की पाखरांचे आवाजसुद्धा लांबून आल्यासारखे वाटायचे. मी तिकडे फार वेळ थांबत नसे. ती बाजू मी वर्गातही कधी शिकवली नव्हती. गोड तेवढं सांगायचं आणि तास संपवायचा, ही माझी सवयच.

आता घासाविषयी. शहरातल्या लोकांना घास म्हणजे तोंडात जातो तो. आमच्याकडे घास म्हणजे लसूणघास, गाईंचा हिरवा चारा. एकदा पेरला की तीन-चार वर्षं पुरतो. कापला की पुन्हा फुटतो, पुन्हा कापायचा. उन्हाळ्यात सगळं रान भाजून निघालं तरी विहिरीला थोडं पाणी असलं की घास हिरवा राहतो. ज्याच्याकडे घास आहे त्याच्या गाई उन्हाळा काढतात. ज्याच्याकडे नाही त्याच्या गाई बाजाराचा रस्ता धरतात. एवढं सरळ आहे ते. अक्काचं घासाचं बी वस्तीवर नावाजलेलं होतं. लग्नात माहेरून पदराच्या गाठीला बांधून आणलेलं, पुढे तिनं दर खेपेला आपल्याच वाफ्यातून धरलेलं. कुणाचा घास मोडकळीला आला की लोक दुकानात जायच्या आधी अक्काकडे यायचे.

त्या वर्षी आमचाच एक तुकडा नव्यानं पेरायचा होता. अक्कानं फोनवर सगळं सांगितलं. वाफे कसे करायचे, बी किती खोल, पहिलं पाणी कसं हळू सोडायचं. आणि शेवटी म्हणाली, "आन हे बघ, बी मिठाच्या पान्यातून काढ. इसरू नको."

"मिठाच्या पाण्यातून? ते कशाला?"

"अगं, बियाला दिष्ट लागती. माझी आई काढायची, तिची आई काढायची. चांगलं घमेलंभर पानी घे, खारट कर, आन काढ."

मी फोन ठेवला आणि हसले. बत्तीस वर्षं मी पोरांना सांगत आले होते की दृष्ट-बिष्ट काही नसतं, मीठ-मोहरी ओवाळून ताप उतरत नाही. आणि आता घासाच्या बियांची दृष्ट काढायची! शिवाय माझ्याकडे शास्त्रीय कारणही तयार होतं. खारट पाण्यात बियातलं पाणी बाहेर ओढलं जातं, उगवण कमी होते. हा धडाच आहे पुस्तकात. मी बी तसंच पेरलं. संध्याकाळी अक्काचा फोन आला, काढलंस का गं? मी म्हटलं, काढलं. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं, असा माझा मोठेपणा.

दोन दिवसांनी हमीदाभाभी आली. आमच्या बांधाला लागून तिचं रान. रान म्हणजे थोडे गुंठे, एक पत्र्याचं घर आणि दोन गाई. नवरा गेल्यापासून त्या दोन गाईंच्या दुधावर तिचं चाललं होतं. तिच्या हातात कडीचा डबा होता.

"बाई, चांदी याली," ती दारातूनच म्हणाली. "कालवड झाली. चीक आनलाय. अक्का असती तर तिलाच पयला दिला असता. तुमी करा खरवस."

चांदी म्हणजे तिची मोठी गाय. पांढरीशुभ्र, कपाळावर एक काळा ठिपका, आणि स्वभावानं इतकी गरीब की माझ्यासारखीनंसुद्धा तिची धार काढावी. हमीदाभाभी त्या दिवशी कमालीची खुशीत होती. उंबऱ्यावर टेकून तिनं चहा घेतला आणि सांगितलं की तिचा घास जुना झालाय, वाफे नव्यानं करून ठेवलेत, आता अक्काच्या बियाची वाट बघतेय. अक्का आली की मागेन म्हणत होते.

चिकाचं भांडं आमच्याकडे रिकामं परत करत नाहीत. मूठभर धान्य, गुळाचा खडा, काहीतरी घालूनच द्यायचं. मला काय सुचलं म्हणून सांगू! मी आत गेले, तिचा डबा धुतला, कोरडा केला, आणि पेरून उरलेलं घासाचं बी त्यात काठोकाठ भरलं. बाहेर येऊन तिच्या हातात दिलं तेव्हा तिचे डोळे भरून आले.

"इतकं?" ती म्हणाली. "असू द्या की थोडं तुमाला."

"न्या हो. आमचं झालंय पेरून."

तिनं मूठभर बी तळहातावर घेऊन पाहिलं. पिवळसर, बारीक, चकचकीत. मी म्हटलं, बघा बरं नीट, चांगलं आहे ना? तर म्हणाली, "अक्काचं बी हाय. त्यात काय बघायचं?"

घास उगवला. आमचाही, तिचाही. काय तो हिरवा रंग! सकाळी ऊन तिरपं पडलं की वाफ्यांवर नुसतं बघत राहावं. बांधाच्या अलीकडे मी, पलीकडे ती, आणि आम्ही रोज एकमेकींच्या घासाचं कौतुक करायचो. "बाई, लई झ्याक आलाय," ती ओरडायची. मी काठी उंचावून दाखवायचे.

मग महिन्याभरानं, एका गार सकाळी, मला आमच्या मधल्या वाफ्यात तो दोरा दिसला.

दोराच होता. पिवळा, केसाहून जरा जाड, एका रोपावरून दुसऱ्यावर गेलेला. मी आधी तो बोटानं उचलायला गेले. तो आला नाही. घासाच्या काडीला त्यानं तीन वेढे दिले होते, आणि जिथं वेढे होते तिथं बारीक बारीक गाठी होत्या. त्या गाठींतून तो काडीच्या आत शिरला होता. मी खाली बसले आणि त्याचं मूळ शोधायला लागले. मातीपर्यंत हात गेला, पण मूळ नव्हतं. बोरी-बाभळीवर पसरते ती जाड अमरवेल मी नेहमी बघत आले होते. ही तिची बारीक, पिकातली बहीण. मला नाव ठाऊक होतं, कूळ ठाऊक होतं. उगवल्यावर हिच्याकडे थोड्याच दिवसांची शिदोरी असते. पान नसतं. ती आपलं टोक हवेत गोल गोल फिरवत राहते आणि जवळच्या झाडाचा वास घेते. अगदी वास घेते. जे झाड आवडीचं असेल त्याच्याकडे झुकते. एकदा वेढा बसला, तोंड आत गेलं, की स्वतःचं मूळ सोडून देते. जमिनीशी संबंध संपला. मग ती फक्त शेजाऱ्यांवर जगते. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तोडली तर प्रत्येक तुकडा पुन्हा धरतो. फुलली तर तिचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, गाईच्या पोटातूनसुद्धा जिवंत बाहेर पडतं.

हे सगळं मला त्या वाफ्यात बसल्या बसल्या आठवलं, धडाधडा, परीक्षेच्या उत्तरासारखं. आणि शेवटी आठवलं ते मीठ. अंड्याचा प्रयोग! साध्या पाण्यात अंडं बुडतं, मीठ घातलं की वर येतं. दर वर्षी सहावीच्या वर्गात मी तो करून दाखवला होता. घासाचं भरलेलं बी खारट पाण्यात तळाला जातं आणि हलकं बी, कचरा, अमरवेलीचं बरंचसं बी वर तरंगतं. वरचं ओतून द्यायचं, खालचं साध्या पाण्यानं धुवायचं. अक्काच्या आजीनं त्याला दृष्ट म्हटलं, एवढंच. मी मात्र नावाला हसले आणि कामच टाकून दिलं.

मी विळा आणला, दोऱ्याभोवती हातभर गोल कापला, तिथंच पालापाचोळा टाकून पेटवला आणि जमीन काळी होईपर्यंत थांबले. आणखी दोन ठिकाणी सापडला, तिथंही तेच केलं. हात धुतले, चहा केला. आणि चहाचा घोट घेता घेता बांधापलीकडे नजर गेली.

तिकडेही तेच बी होतं. माझ्या हातानं भरलेलं.

जायला हवं होतं. शंभर पावलं नव्हती. "हमीदाभाभी, तुमच्या घासात पिवळा दोरा दिसतोय का बघू" एवढंच म्हणायचं होतं. पण मग तिनं विचारलं असतं, कशानं आला? आणि मग सांगावं लागलं असतं की अक्कानं बजावलं होतं, मी ऐकलं नाही, वर खोटंही बोलले. बाईंना सगळं ठाऊक असतं असं वस्तीवर सगळे म्हणायचे. बायका औषधाच्या बाटल्या वाचून घ्यायला माझ्याकडे यायच्या. मला ते आवडायचं, फार आवडायचं. ते जाईल अशी भीती वाटली मला. लाज वाटली म्हणा, भीती म्हणा. मी ठरवलं, उद्या जाऊ. कदाचित तिच्याकडे आलाच नसेल. दुसऱ्या दिवशी ठरवलं, परवा.

आठवड्यानं तिनंच हाक मारली. "बाई, जरा या हिकडं. घासाला कायतरी झालंय."

मी गेले. परातीएवढा पिवळा गोल होता. त्याच्यात आठ-दहा रोपं एकमेकांना जखडली गेली होती, त्यांची पानं मलूल झाली होती. कडेनं नवे दोरे बाहेर निघाले होते आणि त्यांची टोकं वाऱ्यावर हलत होती. वारा नव्हता खरं तर. हमीदाभाभी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"ह्ये पिवळं काय हाय?"

"पाणी जास्त झालंय," मी म्हणाले.

कसं निघालं ते वाक्य, मला आजही कळत नाही. इतकं सहज, इतक्या ठाम आवाजात, जसं वर्गात सांगावं. "पाणी कमी करा थोडं. जाईल आपोआप."

"व्हय?" तिचा चेहरा उजळला. "मला वाटलं काय रोगबीग पडला का काय. बरं झालं तुमाला इचारलं."

आणि तिनं पाणी कमी केलं. तहानलेला घास आणखी हळू वाढला, दोऱ्यांना आणखी फावलं. ती रोज विळ्यानं घास कापायची, भारा डोक्यावर घेऊन वाफ्यावाफ्यातून चालायची. भाऱ्यातून तुकडे गळायचे. जिथं गळले तिथं पंधरा दिवसांत नवा गोल. मी बांधावरून बघत होते. मला हे सगळं आधीच दिसत होतं, पुढची पायरी काय ते ठाऊक होतं, आणि मी रोज गाईंचं शेण काढत होते, दूध डेअरीला घालत होते, अक्काला फोनवर सांगत होते की सगळं उत्तम चाललंय. जेवण जाईना. आमचा एक वाफासुद्धा मला बघवेना. त्याच दिवसांत कुठंतरी वाचल्याचं आठवलं, की अमरवेलीनं जोडलेल्या दोन झाडांपैकी एकाला अळी लागली तर ती खबर अमरवेलीतूनच दुसऱ्याला पोचते. म्हणजे त्या रक्तपिपासू दोऱ्यानंसुद्धा निरोप पोचवावा. आणि माझ्या तोंडात चांगली धडधाकट जीभ होती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी तिळगूळ घेऊन तिच्याकडे गेले. तिच्या रानाकडे बघितलं आणि तिथंच थांबले. हिरवं काही दिसतच नव्हतं. सगळ्या वाफ्यांवर पिवळी चादर अंथरली होती, आणि त्या चादरीवर पांढरे बारीक घोस. फुललं होतं. काही घोस वाळून तपकिरीही झाले होते. ऊन चांगलं पडलं होतं, तरी ते रान आजारी माणसाच्या अंगासारखं दिसत होतं. हमीदाभाभी बांधावर बसली होती. दोन्ही गाई दावणीला हंबरत होत्या.

"पानी तर पार तोडलं, बाई," ती म्हणाली. "तरी जाईना."

मग मी सांगितलं. अमरवेल आहे, पाण्याचा काही संबंध नाही, आता सगळं कापून जाळावं लागेल, नांगरावं लागेल. पुढची काही वर्षं इथं घास नको. ज्वारी करा, मका करा, गवताच्या जातीला ही धरत नाही. ती ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "तुमाला आदी न्हाई वळखू आलं?"

"नाही," मी म्हणाले. "आज फुलं दिसली तेव्हा कळलं."

तिनं मान हलवली. तिळगूळ तसाच तिच्या ओंजळीत राहिला.

घास जाळला तिनं. दोन दिवस जळत होता, ओला, धुमसत. ज्वारी टाकली. पण ज्वारीच्या कडब्यावर दोन दुभत्या गाई उन्हाळा काढत नाहीत, आणि आमच्या तुकड्यातला घास मी किती म्हणून देणार? तरी वस्तीवर होते तोवर देत होते, रोज एक पेंढी जास्त. चैत्र उजाडायच्या आत चांदी घोडेगावच्या बाजारात गेली. कालवड मागे ठेवली. टेम्पोत चढताना चांदीनं कसलाही त्रास दिला नाही म्हणे. मी पाहायला गेले नाही. मी तोवर सावेडीला परत आले होते.

त्याआधी अक्का काठी टेकत वस्तीवर आली, तेव्हा पहिल्यांदा घासात गेली आणि त्या तीन काळ्या गोलांपाशी उभी राहिली. मला काही विचारायची तिला गरज नव्हती. तरी तिनं विचारलं, "मीठ?"

"नाही काढलं, अक्का."

तिनं काठीच्या टोकानं ती काळी माती उकरून पाहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "हमीदाला सांगितलंस?"

"सांगितलं."

कधी सांगितलं, ते तिनं विचारलं नाही. पण त्या सालापासून अक्कानं कुणाला बी दिलं नाही. लोक आले की दुकानातनं आणा म्हणते. वस्तीवरची ती रीतच संपली, आणि का संपली ते कुणाला ठाऊक नाही.

तेव्हापासून दर हिवाळ्यात हमीदाभाभीचा फोन येतो. "बाई, येऊन जा. रान बघून जा. तुमची नजर चांगली हाय." मी जाते. सावेडीहून एसटीनं, फाट्यावर उतरून पायी. तिच्या ज्वारीतून, मक्यातून हिंडते. बांधावरची तणं तपासते, कारण तिथंही अमरवेल तग धरते. माझी नजर चांगली आहे, हे ती म्हणते तेव्हा मला मातीत तोंड लपवावंसं वाटतं. पण जाते. मातीत ते बी आहे, मला ठाऊक आहे. वर ज्वारी डोलत असते आणि खाली ते पडून असतं, कसलीही घाई नसलेलं. ओळखीचा वास येईल तोवर थांबायची त्याची तयारी असते.

यंदा तिनं पुन्हा घास केला. बी दुकानातून आणलं, आणि स्वतः खारट पाण्यातून काढलं. अक्कानं समोर बसून करून घेतलं. त्या वेळची कालवड आता दुभती गाय आहे, तिच्यासाठी. गेल्या आठवड्यात फोन आला आणि मी गेले. सकाळचे दहा वाजले असतील. घास वीतभर झालेला, दव उडून गेलेलं. ती पुढे, मी मागे. एकेक वाफा बघत चाललो होतो. ती बोलत होती, जावयाचं, कालव्याच्या पाण्याचं, अक्काच्या गुडघ्यांचं. शेवटून दुसऱ्या वाफ्यात, पार कडेला, मला तो दिसला. एकच. टाचणीएवढं पिवळं टोक रोपाच्या वर काढून उभा.

ती पाठमोरी होती. खोटं कशाला सांगू, क्षणभर माझा पाय पुढे पडलाच होता.

"हमीदाभाभी," मी म्हणाले. "थांबा. आलाय."

ती वळली. आली, वाकली, नीट पाहिलं. मग मला काही न विचारता तिनं कमरेचा विळा काढला आणि त्या दोऱ्याभोवती चांगला हातभर गोल कापला, भरलेला घाससुद्धा. एकही काडी खाली न पाडता सगळं पोत्यात भरलं. पोत्याचं तोंड आवळता आवळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज लगीच सांगितलंत."

"हो."

"तवाबी लगीच वळखलं असंल तुमी."

कालव्यावर कुणाचं तरी इंजिन चालू होतं. मी ते बंद व्हायची वाट बघितली, पण ते काही बंद झालं नाही.

"हो," मी म्हणाले. "तुम्ही विचारलंत त्याच्याही आधी. पाणी जास्त झालंय म्हणाले ते खोटं होतं. बी धुतलं नव्हतं ते मीच."

तिनं गाठ पक्की केली. पोतं उचलून डोक्यावर घेतलं, तोल सावरला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

"दर साली तुमाला बोलवत हुते ते काय रान बघाया न्हाई, बाई," ती म्हणाली. "रान माझं मला कळतं. आज बोललात. आता फुडल्या साली नका येऊ."

आणि ती पोतं जाळायला बांधाकडे निघाली.